रिपोर्टची तारीख कागदावर हवी

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे निदान झाले की तो यकृतात किंवा फुप्फुसात पसरला आहे का, हे पाहण्यासाठी सीटी स्कॅन होतो. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस रुग्णाला फार जड जातात. 'आला की बघू' एवढेच सांगून त्याला घरी पाठवू नये. रिपोर्ट कधी मिळेल, कोणाला भेटायचे, हे केसपेपरवर लिहून द्यावे. हा आजार बहुधा काही वर्षांत वाढलेला असतो. उपचार नीट ठरवण्यात गेलेल्या थोड्या दिवसांनी सहसा नुकसान होत नाही, हेही सांगावे. मात्र पोट फुगून उलट्या झाल्या, शौच आणि वायू बंद झाला किंवा बरेच रक्त गेले, तर तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे. रिपोर्ट आल्यावर नातेवाइकांनी तो रुग्णापासून लपवू नये. आजार त्याचा आहे, निर्णयही त्याचाच.