'कारकुनी डोके' म्हणून हिणवू नका!

मागच्या महिन्यात आमच्या भागातील विहारात दहावी-बारावीच्या मुलांसाठी मार्गदर्शन शिबिर झाले. एका बापाने मुलीला पुढे करून विचारले, "वकीलसाहेब, पोरगी हुशार आहे, पण नवीन काही सुचत नाही तिला. सांगितलेले काम मात्र तंतोतंत करते. हिचे कसे व्हायचे?" मुलगी मान खाली घालून उभी होती, जणू काही गुन्हाच केला होता.

आज ज्याला त्याला कल्पकता हवी आहे. ठरलेल्या पद्धतीने, न चुकता काम करणाऱ्याला 'कारकुनी डोके' म्हणून हिणवले जाते. कोर्टात उभे राहून माझी वीस वर्षे गेली, आणि माझा अनुभव याच्या नेमका उलट आहे.

ॲट्रॉसिटीचेच घ्या. १९८९ च्या कायद्याचे कलम ४, २०१६ साली लागू झालेल्या दुरुस्तीनंतर, स्पष्ट सांगते की तोंडी फिर्याद लिहून घेतल्यावर सहीपूर्वी ती वाचून दाखवावी व तिची नक्कल फिर्यादीला लगेच द्यावी. १९९५ च्या नियमांतील ७ वा नियम सांगतो की तपास उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाच्या अधिकाऱ्याने करू नये, आणि दोषारोपपत्र ६० दिवसांत दाखल करावे. यात कुठे प्रतिभा लागते? तरीही खटले पुष्कळदा इथेच ढासळतात. फिर्याद वाचून दाखवलेली नसते, तपास खालच्या अधिकाऱ्याने उरकलेला असतो, जातीचा दाखला कागदपत्रांत लावायचा राहून गेलेला असतो. आरोपी हार घालून गावात परततो आणि आमची माय-बहीण कोर्टाच्या पायरीवर रडत बसते.

बाबासाहेबांना हे पुरते ठाऊक होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी बजावले होते की, संविधानाचा एक शब्दही न बदलता, केवळ कारभाराची पद्धत बदलून संविधान निकामी करता येते. म्हणूनच कारभाराचे बारीकसारीक तपशील त्यांनी संविधानातच घातले.

कोणी म्हणेल, प्रस्थापितांविरुद्ध लढणाऱ्यांनी प्रस्थापित पद्धतीचे गोडवे का गावेत? प्रश्न रास्त आहे. अन्यायकारक नियम मोडलेच पाहिजेत. चवदार तळ्यावर १९२७ साली आपण तेच केले. परंतु न्याय्य नियम लिहून झाल्यावर तो पाळला नाही, की साहेबाची मर्जी चालते. आणि मर्जी आजवर कोणाच्या बाजूने चालत आली, हे आपल्याला सांगायला नको.

तेव्हा अशा मुलांसाठी वाटा आहेत. कोर्टात लिपिक, लघुलेखक, बेलिफ, नाझर. कोषागारात लेखा लिपिक, पुढे लेखापरीक्षक. मागासवर्गीयांचा निधी कुठे वळवला, हे शेवटी लेखापरीक्षणातच उघड होते. बारावी सायन्सनंतर डीएमएलटी करून प्रयोगशाळा तंत्रज्ञ. रेल्वेत स्टेशन मास्तर, जिथे नियमाबाहेरची कल्पकता जिवावर बेतते. कॉमर्सवाल्यांना सनदी लेखापाल व कंपनी सेक्रेटरी. लोकसेवा आयोगाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी पदवी आणि मराठी टायपिंगचा ३० किंवा इंग्रजीचा ४० शब्दांचा वेग लागतो. सरकारी भरती आटली, कंत्राटीकरण बोकाळले, हे खरे; त्याविरुद्धची लढाई चालूच राहील. पण जागा निघेल तेव्हा आपली मुले तयार हवीत. आणि त्या खुर्चीवर बसल्यावर नियम आपल्या माणसासाठीही वाकवायचा नाही, हेही त्यांना आजच सांगायला हवे.

त्या मुलीला मी विचारले, "तुला काय आवडते?" ती हळूच म्हणाली, "वह्या नीट ठेवायला." उद्या हीच मुलगी पोलीस भरतीत उतरली, ठाणे अंमलदाराच्या टेबलावर बसली आणि फिर्याद वाचून दाखवल्याशिवाय तिने सहीसाठी कागद पुढे केला नाही, तर माझ्यासारख्या वकिलाचे निम्मे काम तिथेच झालेले असेल. बापाला मी एवढेच सांगितले, पोरीला आधी मान वर करू द्या.