शनिवार हरला, तरी रविवारी स्टॉल लावायचाच असतो



मागच्या व्हिडिओत मी बेल्जियममधल्या सायकल रेसचं उदाहरण दिलं, तर बऱ्याच जणांनी कमेंटमध्ये विचारलं, "सर, आमच्या मसाल्याच्या धंद्याचा आणि सायकलचा काय संबंध?" प्रश्न बरोबर आहे. तिथे दोन मिनिटांत उरकलं होतं, आज नीट सांगतो.

आधी रेस समजून घ्या

बेल्जियमच्या उत्तरेला फ्लँडर्स नावाचा भाग आहे. आपल्याकडे क्रिकेटचं जेवढं वेड, तेवढं तिथे सायकल रेसिंगचं. तिथला सीझन फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला एका वीकेंडला सुरू होतो. शनिवारी 'ओम्लूप न्यूसब्लाड', साधारण 200 किलोमीटरची, 1945 पासून चालत आलेली रेस. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, 'कूर्न-ब्रुसेल्स-कूर्न'. अंगात शिरणारी थंडी, आडवा वारा, अरुंद रस्ते, मध्येच दगडी फरसबंदी आणि छोटे पण खडे चढ. 2013 मध्ये तर रविवारची रेस बर्फामुळे रद्दच करावी लागली होती.

आता त्या रायडरच्या जागी स्वतःला ठेवून बघा. सगळा हिवाळा त्याने घाम गाळलाय. पॅडलवर किती ताकद पडते ते मोजणारं यंत्र सायकलला लावलेलं असतं, त्यामुळे सरावातले आकडे त्याला तोंडपाठ असतात. पण सरावात आडवा वारा अडवायला पुढे प्रतिस्पर्धी नसतो. चढ यायच्या आधी पुढची जागा धरायला शंभर जण कोपरं मारत नसतात. म्हणून हा पहिला शनिवार त्याच्या पोटात गोळा आणतो. हिवाळ्यात केलेलं काम खरं होतं की कागदावरचं, ते त्या दिवशी कळतं.

तुमचं पहिलं प्रदर्शन, पहिला दिवाळी सीझन, पहिली मोठी ऑर्डर म्हणजे हाच शनिवार.

2015 चा तो वीकेंड

28 फेब्रुवारी 2015. ओम्लूपमध्ये शेवटी पुढे चार जण उरले. त्यातले तिघं एकाच संघाचे, एटिक्स-क्विकस्टेपचे: टॉम बोनेन, निकी टर्पस्ट्रा आणि स्टाइन व्हान्डेनबर्घ. चौथा टीम स्कायचा इयान स्टॅनर्ड, एकटा. तिघांविरुद्ध एक! कुणालाही विचारलं असतं तर म्हणाला असता, निकाल लागल्यात जमा आहे.

स्टॅनर्डने काय केलं? तो बराच वेळ मागे बसून राहिला. सायकलमध्ये पुढच्याच्या आडोशाला राहिलं की वारा कमी लागतो आणि बरीच ताकद वाचते. मागून पाठलाग चालू होता, त्यामुळे त्या तिघांना पुढे राहून ओढावंच लागत होतं. शेवटच्या काही किलोमीटरमध्ये बोनेन सुटला, स्टॅनर्डने त्याला गाठलं. मग स्वतः जोर लावला. शेवटी त्याच्यासोबत फक्त टर्पस्ट्रा उरला आणि स्टॅनर्डने त्यालाही रेषेवर हरवलं. एटिक्सचे तिघं दुसरे, तिसरे, चौथे. तीन माणसं हाताशी असून डाव घालवला म्हणून संघावर भरपूर टीका झाली.

आपल्याकडे ही गोष्ट सांगणारे इथेच थांबतात. "बघा, एकटा माणूस तिघांना हरवू शकतो!" टाळ्या. मी स्वतः सेमिनारमध्ये असंच सांगायचो. पण मला आता वाटतं, तुमच्या कामाची गोष्ट पुढच्या दिवशी आहे.

1 मार्च, रविवार. कूर्नला तोच संघ पुन्हा स्टार्ट लाइनवर. आणि त्याच संघाच्या मार्क कॅव्हेंडिशने रेस जिंकली.

एक रात्र मध्ये होती, फक्त एक.

त्या रात्री काय करायचं असतं?

रेस संपल्यावर रायडर आधी कोरडे, गरम कपडे घालतो. लगेच काहीतरी खातो-पितो, कारण पहिल्या तासाभरात खाल्लं की शरीर लवकर भरून येतं. मग मालिश, जेवण, झोप. मेकॅनिक सायकल धुऊन, तपासून ठेवतो. चूक कुठे झाली यावर बोलणं होतं, पण ते उद्याच्या रेससाठी. "मी या खेळासाठी बनलोच नाही" यावर त्या रात्री चर्चा होत नाही.

आता आपली गोष्ट. माझ्या बॅचमधल्या एका ताईंनी तीन दिवसांच्या प्रदर्शनात लोणची-मसाल्यांचा स्टॉल घेतला. पहिल्या दिवशी गल्ला जेमतेम. त्या रात्री घरी गेल्या आणि त्यांनी निकाल लावूनच टाकला: माल महाग आहे, लोकांना आवडला नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या पाकिटांवर निम्मा भाव. माल संपला, पण खर्चही निघाला नाही. नंतर शांतपणे बसल्यावर कळलं की पहिल्या दिवशी चवीला काही ठेवलंच नव्हतं आणि भावाच्या पाट्या मागच्या बाजूला होत्या. दुखणं पायाला आणि पट्टी डोक्याला!

त्यांची चूक त्यांची एकटीची नाही. "सगळं पणाला लावा, आर नाहीतर पार" हे आम्ही ट्रेनर मंडळीच शिकवतो. मग माणूस पहिल्याच दिवसाला अख्ख्या धंद्याचा निकाल समजतो. वाईट गेला तर दुकान बंद करतो, चांगला गेला तर दुसऱ्या आठवड्यात कर्ज काढून दुप्पट माल भरतो. माझ्या मते दुसरी चूक जास्त महाग पडते.

आता टॉम बोनेनचंच बघा

बोनेनने 'टूर ऑफ फ्लँडर्स' तीनदा जिंकली, 'पॅरिस-रूबे' चार वेळा. या खेळातला दिग्गज. पण ओम्लूप, म्हणजे सीझनचा तो पहिला शनिवार, त्याला निवृत्त होईपर्यंत कधीच जिंकता आला नाही. आणि 2015 ला रेषेवर हरलेला टर्पस्ट्रा? त्याने 2018 मध्ये टूर ऑफ फ्लँडर्स जिंकली.

याचा अर्थ "हरलो तरी चालतं" असा काढू नका. पहिली रेस खरं बोलते, ते ऐकावंच लागतं. एकच दोष तीन प्रदर्शनांत दिसला तर तो नशिबाचा नाही, तुमचा आहे, तो बदला. पण एका दिवसावरून दोष शोधायचा असतो, लायकी ठरवायची नसते.

आणि रविवार येण्यासाठी टाकीत काहीतरी उरलं पाहिजे

रायडर रेसमध्ये भूक लागायची वाट बघत नाही. सुरुवातीपासून थोडं थोडं खातो, आजकाल तासाला 90 ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त कार्बोहायड्रेट. कारण एकदा शरीरातलं इंधन संपलं की कितीही दणकट पाय असू देत, सायकल पुढे जात नाही, आणि तेव्हा खाऊन लगेच फरकही पडत नाही.

खेळतं भांडवल तसंच असतं. गल्ला रिकामा झाल्यावर उसनवारीला निघालात तर उशीर झालेला असतो. पहिल्या सीझनला सगळी पुंजी मालात घालू नका. दुसऱ्या फेरीचं पॅकिंग, भाडं आणि घरखर्च आधीच बाजूला काढा. जोर पूर्ण लावा, पण रविवारचा डबा शनिवारी खाऊ नका.

आजचं काम

पुढच्या प्रदर्शनाला किंवा मोठ्या ऑर्डरला जाण्याआधी वहीत दोन ओळी लिहा. पहिली: हा दिवस पूर्ण वाया गेला तरी दुसऱ्या दिवशी उभं राहायला माझ्याकडे किती रुपये उरतील? दुसरी: त्या रात्री मी कोणती एकच गोष्ट तपासणार? पाटी, चव, जागा की भाव?

दोन्हीची उत्तरं आली की बिनधास्त स्टॉल लावा. आली नाहीत, तर अजून तुमचा हिवाळा संपलेला नाही, सराव चालू ठेवा. तुमच्या दोन ओळी कमेंटमध्ये लिहा, मी वाचतो.