जड उचलावे, पण रोज नव्हे



साठी उलटली की घरातल्या सगळ्यांना एक वाक्य पाठ होते. "राहू द्या, तुम्ही जड काही उचलू नका." सून पाण्याची कळशी हातातून काढून घेते, मुलगा दळणाचा डबा घेतो, नातूसुद्धा भाजीची पिशवी ओढून नेतो. सगळे मायेपोटीच. पण ह्या विषयावर मी जे वाचले त्यावरून माझे मत असे झाले आहे, की ही माया आपल्याला हळूहळू दुबळे करते. म्हाताऱ्या माणसांनी वजन उचललेच पाहिजे, आणि तेही चांगले जड. मात्र रोज जड नव्हे. आजचा लेख मुख्यतः ह्या शेवटच्या वाक्यासाठी आहे.

निमित्त माझ्या अमेरिकेतल्या भाच्याचे. त्याने पन्नाशीनंतर ऑलिंपिकमधले वेटलिफ्टिंग सुरू केले. त्यात दोन प्रकार असतात. स्नॅच म्हणजे जमिनीवरची लोखंडी दांडी वजनासकट एका दमात डोक्यावर न्यायची. क्लीन अँड जर्क म्हणजे आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर. पाच-पाच वर्षांचे वयोगट पाडून वयस्कांच्या स्पर्धाही होतात. इथपर्यंत मला कौतुकच वाटले. पण पुढे तो म्हणाला, "मावशी, मी आठवड्याचे सहा दिवस, दर दिवशी झेपेल तेवढे जास्तीत जास्त वजन उचलतो. बल्गेरियन पद्धत आहे ही!" तेव्हा माझ्यातली मास्तरीण जागी झाली.

ही पद्धत इव्हान अबाजिएव्ह ह्या बल्गेरियन प्रशिक्षकाची. व्यायामाचे प्रकार मोजकेच, पण दिवसातून अनेकदा सराव आणि रोज कमाल वजनापर्यंत मजल. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्या चिमुकल्या देशाने वेटलिफ्टिंगची तीन सुवर्णपदके नेली, तेव्हा जग चकित झाले. पण हे खेळाडू कोण होते? बहुतेक विशीतली मुले. खाणे-पिणे, डॉक्टर, झोप सगळे सरकारच्या खर्चाने. उचलणे आणि विश्रांती घेणे हेच त्यांचे काम. शिवाय १९८८ ला सेऊलमध्ये उत्तेजक चाचणीत त्यांच्या दोघांची सुवर्णपदके गेली आणि संघाने स्पर्धेतून अंग काढून घेतले, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. पंचावन्न वर्षांच्या, नोकरी करून रात्री सहा तास झोपणाऱ्या माणसाने त्या पद्धतीतले फक्त ओझे घ्यायचे आणि बाकी काही नाही, हा कुठला हिशोब?

कमाल वजनाला वयाची भीड नसते. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक एका किलोने हुकले. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात १३९ किलोखाली त्याचा कोपर दुखावला होता. एकविसाव्या वर्षी, इतक्या तयारीनंतर हे होते, तर आपली काय कथा!

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे कष्टकरी माणसे रोज ओझी उचलतातच की. अगदी बरोबर. आमच्या तालुक्यातल्या लासूर स्टेशनच्या कांदा बाजारात जाऊन बघा. पण त्या हमालांची साठीतली कंबर आणि गुडघेही बघा. डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीला शंभर किलोचे पोते पन्नासवर आणण्यासाठी लढावे लागले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सांगितली आहे. वजनाने माणूस घडतो तसाच मोडतोही. आज किती उचलायचे आणि उद्या थांबायचे की नाही, हे ठरवायची मुभा खेळाडूला असते, हमालाला नसते. ज्याला ही मुभा आहे त्याने आपण होऊन हमालाचा दिनक्रम का घ्यावा?

म्हणून मग वजनच नको, असे मात्र मी म्हणणार नाही. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातला प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसे थोडीच, सरासरी वय नव्वद! आठ आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, पायांनी चांगले जड वजन उचलण्याचा व्यायाम. मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. दुसरा प्रयोग ऑस्ट्रेलियातला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला, तो माझ्या मैत्रिणींनी मुद्दाम वाचावा. हाडे विरळ झालेल्या, अठ्ठावन्न वर्षांपुढच्या बायका. आठवड्यातून फक्त दोनदा, अर्धा-अर्धा तास, आपल्या कमाल ताकदीच्या ८५ टक्क्यांहून जड वजन. आठ महिन्यांत त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता जवळजवळ तीन टक्के वाढली. हलका व्यायाम करणाऱ्या गटाची घटली. लक्षात घ्या, दोन्ही ठिकाणी वजन जड होते, पण रोज नव्हते आणि शिकवणारे माणूस शेजारी उभे होते.

वयाबरोबर आधी जातात ते झटकन आकसणारे स्नायूतंतू. न्हाणीघरात पाय घसरला की क्षणात तोल सावरायचे काम त्यांचेच. ते सावरले नाही की खुब्याचे हाड, मग खाट, मग सगळेच दुसऱ्याच्या हातात. वेटलिफ्टिंग हा झटक्याचा खेळ असल्यामुळे ह्या तंतूंना तो कामाला लावतो, हा भाच्याचा मुद्दा मला मान्य आहे. पण स्नायू लवकर तयार होतो आणि त्याला हाडाशी बांधणारी कंडरा मागे राहते. विशीत एका रात्रीत भरून निघणारी झीज आपल्याला दोन-तीन दिवस पुरते. रोज नवे ओझे टाकले तर ती भरायची कधी?

रोज काय करावे, हे आपल्याकडे कधीचेच सांगून झाले आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नेमाने सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांतूनही त्यांनी ते सुरू केले. अंग मोकळे ठेवणारे रोज करावे, अंगाची परीक्षा घेणारे आठवड्यातून दोन-तीनदा. भाच्यालाही मी हेच सांगेन. बाबा रे, सहा दिवस जा हवे तर, पण चार दिवस हलक्या दांडीवर हात बसव. जड दोनच दिवस. आणि खांदा कुरकुरला तर तो दिवस सोडून दे.

आपल्यासारख्यांनी सुरुवात खुर्चीपासून करावी. हाताचा आधार न घेता दहा वेळा उठबस. ती सोपी झाली की पिशवीत दोन किलो तांदूळ घेऊन. मग चार किलो. स्नॅच शिकायचाच असेल तर आधी नुसत्या काठीवर, जाणकारासमोर. रक्तदाब, हृदय किंवा डोळ्यांचा पडदा ह्यांची तक्रार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, कारण श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. आणि ताटात डाळ, दूध, अंडे काहीतरी हवेच. नुसत्या चहा-बिस्किटावर स्नायू धरत नाहीत.

एक मागणी मात्र आहे. गावोगावी बागांमध्ये खुल्या व्यायामशाळा आल्या. त्यातली यंत्रे झोके घ्यायला बरी, पण त्यांत ओझे वाढवायची सोय सहसा नसते. उलट तालुक्याच्या व्यायामशाळांत वजने असतात आणि सकाळी दहानंतर तिथे फारसे कुणी नसते. तो एक तास, आठवड्यातून दोन दिवस, एका जाणत्या शिक्षकासह साठीपुढच्यांना दिला तर? बायकांनाही, साडी नेसून आल्या तरी. मिलिंद सोमणच्या आई उषाताईंनी २०२० मध्ये एक्याऐंशीव्या वाढदिवशी पंधरा जोर काढले, तर आपल्याला पिशवीतले चार किलो तांदूळ जड नाहीत!

तेव्हा सुनांनो, मुलांनो, कळशी हातातून काढून घेऊ नका. हवी तर अर्धी भरून द्या. पुढच्या महिन्यात थोडी जास्त भरा.

तुमचे काय मत? कळवा नक्की.