गुणपत्रिका मुलाची, परीक्षा समाजाची

शालान्त परीक्षेचा निकाल लागला, की पेढे भरवतानाची छायाचित्रे वृत्तपत्रांतून झळकू लागतात. त्यात वावगे काही नाही. परंतु त्याच दिवशी आपल्याच वस्तीत एखादे दार दिवसभर लोटलेले असते. त्या घरातील कर्ता पुरुष वर्षभर अंथरुणाला खिळलेला असतो किंवा त्याच्या कारखान्याला टाळे लागलेले असते. मुलगी रुग्णालयात डबा पोहोचवीत असते, मुलगा पहाटे घरोघर दूध टाकीत असतो. अशा घरातील मुलाला गणितात ३५ गुणांची रेषा गाठता आली नाही, तर ती गुणपत्रिका त्याच्या बुद्धीची म्हणावी की त्या घरावरील संकटाची?

१९८२ च्या संपात मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांची मिळकत थांबली आणि गिरणगावातील कित्येक मुलांची शाळा अर्ध्यावर सुटली. २०२० च्या टाळेबंदीनंतरही अनेक घरांत तेच घडले. त्या मुलांची बुद्धी काही एका वर्षात आटली नव्हती. संकट आधी अभ्यासाची वेळ हिरावून घेते, मग जागा, आणि शेवटी मनाचे स्वास्थ्य.

अशा मुलाच्या वाट्याला आपल्याकडून दोनच गोष्टी येतात. एक म्हणजे टोमणे, दुसरी म्हणजे 'गुणांना काय महत्त्व आहे?' हे सांत्वन. टोमण्यांचा निषेध सारेच करतात. पण हे सांत्वनही तितकेच घातक आहे. गुणांना महत्त्व आहे. अकरावी, आयटीआय, तंत्रनिकेतन यांची दारे गुणांनीच उघडतात. या सांत्वनाने मुलगा 'तात्पुरता' म्हणून कामाला लागतो आणि ते तात्पुरतेपण आयुष्यभर संपत नाही.

वास्तविक, सावरण्याचे मार्ग उपलब्ध आहेत. राज्य मंडळाची पुरवणी परीक्षा पूर्वी ऑक्टोबरमध्ये होत असे. २०१५ पासून ती निकालानंतर लगेचच घेतली जाऊ लागली. त्यामुळे वर्ष वाचू शकते. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत प्रवेश मिळतो. उत्तीर्ण होऊनही गुण कमी असलेल्यांना श्रेणीसुधारासाठी पुन्हा बसता येते. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून कोठे चुकले हेही पाहता येते. मात्र या साऱ्यांच्या मुदती थोड्या दिवसांच्या असतात, आणि संकटातील घराला नेमके तेच दिवस दिसत नाहीत. अर्ज कोणी भरावा, शुल्क कोणी द्यावे, हे सांगणारे माणूस घरात नसते.

ते माणूस आपण व्हावयाचे आहे. आपल्या समाजाला हे नवे नाही. गरीब विद्यार्थ्याने वार लावून जेवावे, रोज एका घराने त्याच्या पानाची काळजी घ्यावी, ही रीत याच भूमीतील. दिव्याखाली शिकून मोठे झालेल्यांच्या कथा आपण मुलांना सांगतो. त्यांना ताट वाढणाऱ्या घरांच्या कथा मात्र विसरतो. पुण्यात १९५५ साली स्थापन झालेली विद्यार्थी साहाय्यक समिती आणि १९७९ मध्ये सुरू झालेली स्वरूपवर्धिनी यांनी तोच संस्कार संस्थारूपाने जपला.

प्रत्येकाने संस्था काढावी असे नाही. आता जेवणाचे वार नकोत, अभ्यासाचे वार हवेत. निवृत्त शिक्षकाने सोमवारी गणित घ्यावे, महाविद्यालयीन युवकाने मंगळवारी इंग्रजी. ज्याच्या घरी स्वतंत्र खोली आहे, त्याने ती संध्याकाळी दोन तास मोकळी ठेवावी. रुग्णालयातील डबा आठवड्यातून दोनदा शेजाऱ्याने न्यावा. मुलीचे तेवढे तास वाचतील. मुलानेही सारे विषय एकदम न धरता राहिलेला एक विषय रोज नेमाने करावा. हे उपकार म्हणून नव्हे, तर सहज, त्या घराचा मान राखून व्हावे.

पुढील निकालाच्या दिवशी अभिनंदनाचे फलक अवश्य लावावेत. त्याआधी, लोटलेल्या दारावर एकदा थाप मारावी आणि विचारावे, ''पुरवणीचा अर्ज भरला का?''