प्रवाशाने काय पाहावे? चीन आणि आपण

वाई तालुक्यातील आमच्या ओळखीच्या एका कुटुंबातला मुलगा वैद्यकीय शिक्षणासाठी चीनमध्ये गेला होता. 2020 च्या आरंभी करोनाची साथ पसरली तेव्हा तो घरी परतला. चीनने दारे बंद केल्यामुळे 2022 पर्यंत त्याने वस्तीतल्या घरात मोबाइलवर तास केले. पुढे तो पुन्हा गेला आणि पदवी घेऊन आला. बुद्ध पौर्णिमेला विहारात आम्ही त्याला चार शब्द बोलायला सांगितले. तिथल्या उंच इमारती, वेगवान रेल्वे आणि बाजारपेठा यांच्याविषयी ऐकायला मंडळी उत्सुक होती. पण पोरगा भलतेच बोलला.

तो म्हणाला, "काका, तिथं ओळख झाली की आधी आडनाव विचारतात. पहिल्यांदा मी दचकलो. पण आडनाव सांगितल्यावर पुढं कायच होत नाही. नुसतं मान डोलावतात आणि गरम पाणी पुढं करतात."

सभेत क्षणभर शांतता पसरली. कारण आडनाव सांगितल्यावर पुढे काय होते हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. याच मुलाला पुण्यात खोली शोधताना आडनाव सांगताच "खोली कालच गेली" असे उत्तर मिळाले होते. खोली तशीच रिकामी होती.

चीनमध्ये आडनाव विचारणे हा शिष्टाचार आहे. वांग, ली, झांग, ल्यू, चेन ही तिथली सर्वांत मोठी पाच आडनावे. या पाच आडनावांचे चाळीस कोटींहून अधिक लोक आहेत. वांग मंत्री असेल, वांग शेतकरी असेल आणि वांग रस्ता झाडणाराही असेल. आडनावावरून त्याच्या बापाचा धंदा कळत नाही. सामान्य जनतेला चिनी भाषेत 'लाओ बाय शिंग' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ 'जुनी शंभर आडनावे'. त्यांची शंभर आडनावे मिळून जनता होते. आपल्याकडे मात्र आडनावांची उतरंड लागते. हा फरक कुठल्याही सहल कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेला नसतो.

प्रवाशाला परक्या देशात काय दिसते, हे तो काय भोगून आला आहे यावर ठरते. ही गोष्ट आपल्याला प्रथम चिनी प्रवाशांनीच शिकवली. इ.स. 399 मध्ये फाहियान चीनहून निघाला तो बुद्धाच्या भूमीत धम्मग्रंथ शोधायला. त्याने स्तूप पाहिले, विहार पाहिले आणि एक गोष्ट जाता जाता लिहून ठेवली. चांडाळ गावाबाहेर राहतात, आणि नगरात शिरताना लाकूड वाजवून आपण येत असल्याची सूचना देतात, म्हणजे लोकांना त्यांच्यापासून दूर होता येते. पुढे सातव्या शतकात ह्युएन त्संग आला. खाटीक, कोळी, फाशी देणारे, सफाई करणारे असे लोक नगराबाहेर राहतात, त्यांच्या घरांवर खूण असते आणि रस्त्याने ते डाव्या कडेने अंग चोरून जातात, हे त्याने नोंदवले. हाच ह्युएन त्संग पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही आला होता. इथे शंभरावर विहार आणि सुमारे पाच हजार भिक्खू असल्याचे तो सांगतो. वाईच्या उत्तरेला लोहारे गावाजवळ जी लेणी आज पालपेश्वराच्या नावाने ओळखली जातात, ती मूळची बौद्ध लेणी आहेत. आपल्या या मुलखात एके काळी काय नांदत होते याची ती साक्ष आहे.

त्या काळी या देशात लिहिणाऱ्यांची काय कमतरता होती? पंडित होते, कवी होते, राजदरबारचे भाट होते. पण त्यांना ही माणसे रोज दिसत असूनही त्यात नवल वाटले नाही. नवल वाटले ते परक्याला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ लिहिला, तेव्हा अस्पृश्यता केव्हा जन्माला आली हे ठरवण्यासाठी त्यांनी या दोन्ही चिनी प्रवाशांची साक्ष काढली. फाहियानच्या एकट्या चांडाळावरून अस्पृश्यता सिद्ध होत नाही, पण ह्युएन त्संगच्या काळापर्यंत ती आलेली दिसते, असा बारकावा त्यांनी दाखवला आणि इ.स. 400 च्या सुमारास तिचा उगम मानला. दोन भिक्खूंनी प्रवासात केलेल्या नोंदी दीड हजार वर्षांनी आपल्या इतिहासाच्या खटल्यात पुरावा म्हणून उभ्या राहिल्या. लिहून ठेवण्याचे मोल एवढे असते.

बाबासाहेब स्वतःही प्रवासी होते, आणि त्यांचा पहिला कटू प्रवास याच सातारा जिल्ह्यातला. 1901 साली लहानगा भीम भावंडांबरोबर साताऱ्याहून कोरेगावला वडिलांना भेटायला निघाला. मसूर स्टेशनावर उतरल्यावर मुलांची जात कळली आणि स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवाला दुप्पट भाडे घेऊनही गाडी हाकायला तयार होईना, मुलांनाच ती हाकावी लागली. डबा भरलेला होता, पण पाण्यावाचून रात्र उपाशी काढावी लागली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात बाबासाहेबांनी हे लिहिले आहे. आपल्याच जिल्ह्यात परका ठरलेल्या त्या मुलाला घोटभर पाण्याची किंमत कळली. म्हणूनच आमच्या या पोराला चीनच्या रेल्वेत, स्टेशनवर, वसतिगृहात सर्वांसाठी फुकट असलेला गरम पाण्याचा नळ दिसला. त्या नळाला "तू कोणाचा?" हा प्रश्न ठाऊक नाही. गोल टेबलावर मधोमध ठेवलेल्या ताटांतून सगळे आपापल्या काड्यांनी घास उचलतात, त्यातही कोणी बाजूला बसवत नाही. चीनला हे सहभोजन वाटत नाही, ते नुसते जेवण आहे.

मग चीनमध्ये उच्चनीचता नव्हती काय? होती. 'जियानमिन' म्हणजे हीन मानलेले लोक तिथेही होते. गाणे-बजावणे करणारी काही घराणी, झेजियांगमधले दुओमिन, दक्षिणेतले नावेत राहणारे लोक यांना वंशपरंपरेने कमी लेखले जाई. 1723 पासून सम्राट युंगझेंगने हुकूम काढून त्यांतील अनेकांचा हीन दर्जा कागदावर रद्द केला. माणसांच्या मनातून तो जायला पुढे कितीतरी पिढ्या लागल्या. पण त्या हीनतेला पवित्र ग्रंथांचा आणि पूर्वजन्मीच्या पापाचा असा आधार नव्हता. राजाने लादलेले राजाला काढता आले. आपल्याकडे धर्माने लादलेले होते, म्हणून बाबासाहेबांना 1956 साली धर्मच सोडावा लागला.

आता झाडूची गोष्ट. शि चुआनशियांग नावाचा शानतुंगमधल्या गरीब घरचा मुलगा पोटासाठी पेकिंगला आला आणि मैला वाहू लागला. मैला खत म्हणून विकला जाई आणि त्या धंद्यातले दादा मजुरांना पिळून काढीत. 1949 नंतर याच मैला वाहणाऱ्याला आदर्श कामगार म्हणून गौरवण्यात आले. 1959 साली देशाचे अध्यक्ष ल्यू शाओची यांनी त्याचा हात हातात घेतला, तो फोटो देशभर पोहोचला. आपण दोघेही जनतेचे सेवकच, अशा आशयाचे ते बोलले. ते वाचताना आपल्यासारख्याचा ऊर भरून येतो. आपल्याकडे मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध 1993 साली कायदा झाला, 2013 साली दुसरा झाला, तरी गटारात गुदमरून मरणाऱ्यांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. कुठल्याही नगरपालिकेच्या सफाई खात्याचे हजेरीपत्रक उघडून आडनावे वाचा, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळेल.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि चीनची स्तुती करणारे पुढचा भाग सांगत नाहीत. सांस्कृतिक क्रांतीत ल्यू शाओची पदच्युत झाले, 1969 मध्ये बंदिवासातच गेले. त्यांच्याशी हात मिळवला हाच शि चुआनशियांगचा गुन्हा ठरला. कामगारांचा द्रोही म्हणून त्याचा छळ झाला आणि 1975 साली तो मरण पावला. ज्या राज्याने त्याला उचलून धरले त्याच राज्याने त्याला चिरडले. मधल्या काळात त्याला दाद मागायला न्यायालय नव्हते, वर्तमानपत्र नव्हते, मोर्चा नव्हता.

आजही तिथे जन्माची नोंद माणसाचा पाठलाग करते. 1958 पासून 'हुकोऊ' नावाची नोंदणी आहे. खेड्यातला की शहरातला, हे आईबापांवरून ठरते. सुमारे तीस कोटी माणसे गाव सोडून मजुरी करतात. ती शहरे बांधतात, पण त्या शहरातली शाळा, दवाखाना, निवृत्तिवेतन यांवर त्यांचा पूर्ण हक्क नसतो. अनेक मुलांना कॉलेज प्रवेशाची परीक्षा द्यायला मूळ प्रांतात जावे लागते. शिक्षण घेऊन हुकोऊ बदलता येतो, जात बदलता येत नाही, हा फरक खरा. पण जन्मावरून भाकरीचा वाटा ठरवणारी व्यवस्था आपण ओळखली नाही तर कोण ओळखणार? एप्रिल 2020 मध्ये ग्वांगझौ शहरात आफ्रिकी लोकांना करोनाच्या भीतीपोटी घरांतून, हॉटेलांतून बाहेर काढले गेले. आमच्या पोरानेही सांगितले की काळ्या रंगाकडे टक लावून पाहणारे डोळे तिथेही आहेत, आणि सरकारविषयी बोलायचे झाले की मित्र आवाज खाली आणतात.

बाबासाहेबांनी हे आधीच ओळखले होते. 1954 साली राज्यसभेत बोलताना, पंचशील मानणारा माओ आपल्याच देशातल्या बौद्धांशी असा वागला नसता, असे त्यांनी ठणकावले. नोव्हेंबर 1956 मध्ये काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना त्यांनी मार्ग कोणता हाच प्रश्न पुढे ठेवला. दुःख दोघांनाही दिसले, पण बुद्ध मन वळवतो आणि हुकूमशाही माणूस मोडते. स्वातंत्र्य आणि बंधुता गमावून मिळणाऱ्या समतेला मोल नाही, ही त्यांची शिकवण. म्हणून चीनकडे पाहताना भारावून जायचेही कारण नाही आणि सीमेवर तणाव झाला की चिनी माणसाला शिव्या देणाऱ्यांच्या रांगेत उभे राहायचेही कारण नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनला गेले, 1942 साली तिथेच जखमी सैनिकांची सेवा करता करता वारले. माणूस माणसाशी कसा वागतो एवढेच त्यांनी पाहिले.

आज आपली मुले शिक्षणासाठी चीनला, रशियाला, युरोपला जात आहेत. कर्ज काढून, शेताचा तुकडा विकून आईबाप त्यांना पाठवतात. ती परत येतात तेव्हा आपण पगार विचारतो आणि फोटो पाहतो. त्यांना चार प्रश्न विचारा. पाणी कोण देतो? आडनाव सांगितल्यावर काय होते? झाडू कोणाच्या हातात आहे? आणि राज्यकर्त्याविरुद्ध बोलायला भीती वाटते का? उत्तरे वहीत लिहायला सांगा. ज्या वाईत मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले, त्या गावाशेजारच्या वस्तीतल्या मुलाचेही ज्ञान लिहिले गेले पाहिजे. फाहियानने आपल्याविषयी लिहिले. आपणही जगाविषयी लिहू या. आमच्या विहारात ती वही ठेवली आहे. पहिले पान त्या पोराने लिहिले आहे.