क्यू म्हणजे काय?

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठी थोडं कच्चं आहे. सांभाळून घ्या.

दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरला घरी गेले होते. नवी पेठेतल्या एका दुकानात बाबा टीव्ही बघत होते. सेल्समन 'क्यूएलईडी, क्यूएलईडी' करत किंमत वाढवत होता. बाबांनी मोठ्या कौतुकानं मला विचारलं, "सांग की गं, ह्यातला क्यू म्हंजे काय?" मी 'क्वांटम' म्हणाले आणि गप्प झाले. पुढचं काही येईना! फर्स्ट इयरला फिजिक्समधे मला चांगले मार्क्स आहेत, हे विशेष.

होस्टेलवर परतल्यावर लायब्ररीत बसले. मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. काही नॅनोमीटरच्या कणात इलेक्ट्रॉनला जागा अपुरी पडते. कण जितका लहान, तितका त्याचा प्रकाश निळ्याकडे सरकतो. पदार्थ तोच, पण आकार बदलला की रंग बदलतो! याच क्वांटम डॉट्ससाठी बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एकिमोव्ह आणि ब्रुस यांचं मूळ काम 1980 च्या दशकातलं आहे. म्हणजे नोबेलला चाळीस वर्षं लागली.

असं काम आपल्या पुण्यातही झालंय. प्रा. सुलभा कुलकर्णी यांनी पुणे विद्यापीठातून पीएच.डी. केली, म्युनिकला संशोधन केलं आणि परत येऊन त्याच विद्यापीठात वर्षानुवर्षं फिजिक्स शिकवलं. आधी पदार्थांच्या पृष्ठभागाचा अभ्यास, मग नॅनोकण. झिंक सल्फाईडच्या नॅनोकणांत दुसऱ्या धातूचे अणू मिसळले की त्यांची चमक कशी बदलते, हे त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन शोधलं. नंतर त्या पुण्याच्या आयसरमधे गेल्या. नॅनोटेक्नॉलॉजीवरचं त्यांचं पाठ्यपुस्तकही आहे.

आणि आपण? फिजिक्स म्हणजे आदल्या रात्रीचं गाईड, कॉपी केलेलं जर्नल आणि 'सुटलो एकदाचं!' एज्युकेशन लोनचा हप्ता क्वांटम डॉट्सनी फिटत नाही, हे मलाही कळतं. प्लेसमेंट हवीच. पण ज्या यंत्रांवर आपण उद्या नोकरी करणार, ती आधी कुणीतरी पॅकेजचा विचार न करता, प्रयोगशाळेत बसून शक्य केलेली असतात. ते 'कुणीतरी' आपल्या वर्गातून कधीच का निघू नये?

सरांना आणि मॅडमना एक विनंती. आठवड्यातून एक संध्याकाळ फिजिक्स लॅब उघडी ठेवा. मार्क्स नकोत, जर्नल नको. प्रयोग चुकला तरी चालेल, असं एकदा तरी आम्हाला सांगा. आम्ही मेसमधून थेट येऊ. निदान मी तरी येईन.

परवा फोनवर बाबांना क्यूचा सगळा अर्थ सांगितला. शांतपणे ऐकून ते म्हणाले, "हे त्या दिवशी दुकानात का नाही सांगितलंस?"

टीव्ही साधाच घेतलाय.