निघालेल्यांची नोंद कोण ठेवणार?

उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधील एका परिचित सिंधी कुटुंबाकडे अलीकडेच जाण्याचा योग आला. महायुद्धाच्या काळात लष्करासाठी बांधलेल्या बराकींच्या जागी तिथे आता इमारती उभ्या राहिल्या असल्या, तरी पत्ता सांगताना आजही बराकीचा क्रमांकच सांगितला जातो. घरातला थोरला नातू येत्या मोसमात हिमालयात पदभ्रमणाला निघणार आहे. उत्तराखंडातील हर्षिलहून लमखागा खिंड ओलांडून हिमाचलातील छितकूल गावी उतरणारी ती वाट. त्याने मोठ्या उत्साहाने आयोजकांनी दिलेले छापील वेळापत्रक आमच्यापुढे ठेवले. कोणत्या दिवशी किती चालायचे, न्याहारीला काय मिळणार, छायाचित्रे कुठून चांगली येतील, सारे काही त्यात होते. तुकडीचा प्रमुख कोण, तो याआधी या वाटेने कधी गेला आहे काय, शेवटची चौकी कोणती आणि ठरलेल्या दिवशी माणसे खाली उतरली नाहीत तर कोणी कोणाला कळवायचे, याविषयी मात्र एक ओळही नव्हती. तळाशी एक भ्रमणध्वनी क्रमांक तेवढा होता. त्या वाटेवर बहुतेक दिवस भ्रमणध्वनी चालत नाही, हे नातवानेच हसत हसत सांगितले.

घरातल्या अम्मांनी ऐंशी ओलांडली आहे. फाळणीनंतर आईचे बोट धरून त्या सिंधमधून या छावणीत आल्या. डोंगराचे त्यांना विशेष काही वाटले नाही. पण 'सरहद' हा शब्द कानी पडताच त्या थबकल्या. हा गेला आहे, हे कोणाच्या वहीत लिहिलेले असेल, एवढेच त्यांनी विचारले. ज्या पिढीला बराकीचा क्रमांक आणि रेशनकार्डावरील नावे यांच्या आधारे आपली माणसे मोजून घ्यावी लागली, कोण पोहोचले आणि कोण वाटेत राहिले याचा हिशेब घराघरांत करावा लागला, त्या पिढीच्या तोंडून हा प्रश्न यावा यात नवल नाही. नातू निरुत्तर झाला. खरे तर आम्हीही निरुत्तर झालो.

सीमावर्ती पर्वतप्रदेशात हिंडणाऱ्यांच्या सुरक्षिततेचा विचार आपल्याकडे एखादी दुर्घटना घडली की चार दिवस होतो. त्या चार दिवसांत शत्रूला शिव्याशाप दिले जातात, निसर्गाला कोपिष्ट ठरवले जाते, मृतांच्या घरी पुढाऱ्यांची रीघ लागते. परंतु माणूस घराबाहेर पडल्यापासून परत येईपर्यंत त्याचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न तसाच राहतो.

उल्हासनगरहून गाडीत बसले की चौथे स्थानक डोंबिवली. २३ एप्रिल २०२५ च्या संध्याकाळी तेथील भागशाळा मैदानावर जो जनसमुदाय लोटला होता, तो या भागातील कोणीही विसरलेला नाही. आदल्या दिवशी पहलगामजवळच्या बैसरन कुरणात दहशतवाद्यांनी २६ जणांची हत्या केली. त्यांतील तिघे डोंबिवलीचे, एकमेकांचे नातलग. धर्म विचारून, कुटुंबीयांच्या डोळ्यांदेखत गोळ्या घातल्या गेल्या. हल्लेखोरांना अडवू पाहणारा एक स्थानिक मुसलमान घोडेवालाही त्यात मारला गेला, हेही नोंदवले पाहिजे. या क्रौर्याविषयी या स्तंभातून वेगळे लिहिण्याची आवश्यकता नाही. परंतु त्या कुरणाची जागा कशी होती, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नाही. बैसरनला मोटाररस्ता जात नाही. पहलगामहून पाच-सहा किलोमीटर पायी किंवा घोड्यावरून, चिखलाच्या चढणीने आणि देवदारांच्या रानातून जावे लागते. अशा ठिकाणी शेकडो माणसे बायकामुलांसह जमलेली होती आणि त्यांच्या रक्षणासाठी तिथे एकही सशस्त्र शिपाई नव्हता. जखमींना खाली आणण्याचे पहिले काम स्थानिक घोडेवाल्यांनी पाठीवरून आणि घोड्यांवरून केले. सुरक्षाव्यवस्थेत उणीव राहिली, हे पुढे जम्मू-काश्मीरच्या नायब राज्यपालांनी जुलै २०२५ मध्ये जाहीरपणे मान्य केले आणि त्याची जबाबदारीही स्वीकारली. त्याच महिन्याच्या अखेरीस, २८ जुलै रोजी, 'ऑपरेशन महादेव'मध्ये तिघे मारेकरी ठार झाले. तीन महिन्यांहून अधिक काळ ते श्रीनगरजवळच्या दाचीगामपर्यंत पसरलेल्या उंच रानांत वावरत होते. गिर्यारोहकांना प्रिय असलेली राने मारेकऱ्यांनाही लपायला सोयीची असतात, हे त्यातून दिसले.

हे प्रथमच घडत होते असेही नाही. जुलै १९९५ मध्ये याच पहलगामच्या वरच्या अंगाला, लिद्दर खोऱ्यात पदभ्रमण करणाऱ्या सहा परदेशी नागरिकांचे 'अल फरान' या नावाने वावरणाऱ्या टोळीने अपहरण केले. एक अमेरिकी निसटला, एका नॉर्वेजियन तरुणाचा शिरच्छेद केलेला देह ऑगस्टमध्ये सापडला आणि उरलेल्या चौघांचा पत्ता आजतागायत लागलेला नाही. तिथे जाणे निर्धोक आहे असे निघण्यापूर्वी आपल्याला सांगितले गेले होते, असे त्यांच्यापैकी एकाच्या पत्नीने पुढे सांगितले. तीस वर्षांनी, त्याच डोंगरांच्या कुशीत, आपली माणसे तशाच भरवशावर गेली.

परंतु सीमावर्ती डोंगर म्हणजे केवळ दहशतवाद, असे समजणे ही दुसरी चूक ठरेल. आमच्या परिचिताचा नातू ज्या वाटेने जाणार आहे, त्याच लमखागाच्या वाटेवर ऑक्टोबर २०२१ मध्ये अकरा जणांची एक तुकडी हिमवादळात सापडली आणि त्यातून अवघे दोघे वाचले. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा या शिखरावर हिमलोट कोसळून उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीतील २९ जण गेले. ही तर प्रशिक्षित मंडळी. त्यांत त्याच वर्षी एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे सोळा दिवसांत सर करणाऱ्या सविता कंसवाल होत्या. जून २०२४ मध्ये सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकच्या नऊ जणांचा थंडीवाऱ्याने बळी घेतला. ५ ऑगस्ट २०२५ रोजी धरालीत पाणी आणि चिखलाचा लोंढा आला, तेव्हा रस्ते व दूरध्वनी एकदमच तुटले. त्या खोऱ्यात महाराष्ट्रातील शंभराहून अधिक यात्रेकरू होते. त्यांच्या घरच्यांना आपली माणसे जिवंत आहेत की नाहीत हे कळायला जो काळ लागला, त्याची कल्पनाच केलेली बरी.

कॅम्प नं. ३ मधल्या गच्चीवरून स्वच्छ हवेत मलंगगड आणि चंदेरी दिसतात. आमच्या भागातली मुले डोंगर शिकतात ती तिथे. चंदेरीच्या घळीत पावसाळ्यात वाट चुकली, तरी खाली वांगणीचे दिवे दिसत असतात. गावकरी दोर घेऊन वर येतात. सकाळपर्यंत बातमी घरी पोहोचते. सह्याद्रीने आपल्याला थोडे लाडावलेच आहे. तीच निर्धास्त वृत्ती घेऊन मुले बारा-पंधरा हजार फुटांवर, दोन देशांच्या मध्ये जाऊन उभी राहतात.

'दोन देशांच्या मध्ये' हे शब्द आम्ही मुद्दाम वापरले. डोंगरावर सीमा आखलेली नसते. सप्टेंबर २०२० मध्ये अरुणाचलातील अप्पर सुबनसिरी जिल्ह्यातील पाच तरुण रानात गेले असता चिनी सैन्याच्या हाती लागले आणि काही दिवसांनी परत मिळाले. जानेवारी २०२२ मध्ये अप्पर सियांगमधील सतरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तेच झाले. ही मुले त्याच रानात वाढलेली होती. बाहेरून गेलेल्यांची गत काय होईल? जुलै २००९ मध्ये इराकी कुर्दिस्तानात धबधबा पाहून पुढे चालत गेलेल्या तिघा अमेरिकी तरुणांना इराणच्या सीमारक्षकांनी पकडले. त्यांतील तरुणीला सुटायला वर्षाहून अधिक काळ लागला, दोघा तरुणांना सव्वीस महिने. आपण कोणत्या क्षणी पलीकडे गेलो, किंवा गेलोच की नाही, हे त्यांना सांगता आले नाही. जम्मू-काश्मीरमध्ये तर नियंत्रणरेषेलगत सुरुंगांचे पट्टे आहेत आणि घसरत्या बर्फाबरोबर व पावसाच्या पाण्याबरोबर सुरुंगही जागा बदलतात. पूल, चौक्या, रडार यांची छायाचित्रे हौसेने काढणारा भाबडा पर्यटक १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. हे सारे आपल्याकडच्या किती वेळापत्रकांत छापलेले असते?

मग तिकडे जाऊच नये काय? आमचे मत तसे मुळीच नाही. सीमेवरचे गाव ओस पडले की सीमा दुबळी होते, हे आपण अनेक दशके पाहिले आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये मंजूर केलेली 'व्हायब्रंट व्हिलेजेस' योजना याच जाणिवेतून आली. जी वस्ती एकेकाळी शेवटची म्हणून दुर्लक्षित होती, तिथे आज मुक्कामाच्या सोयी होत आहेत. फेब्रुवारी २०२१ च्या शस्त्रसंधीनंतर केरन, गुरेझ, टिटवाल या नावांची ओळख मराठी कुटुंबांना झाली ती पर्यटनामुळेच. तिथल्या माणसाच्या घरी आपली माणसे राहतात, त्याच्या हातची रोटी खातात, तेव्हा देश जोडला जातो. पण मे २०२५ मध्ये पूंछवर तोफगोळे पडले, तेव्हा याच पट्ट्यातील सामान्य नागरिक त्यात मारले गेले, हेही विसरता येत नाही. शासन जेव्हा नागरिकाला 'या' म्हणते, तेव्हा त्याच्या सुखरूप परतण्याची काळजीही शासनावर येते.

ही काळजी कशी घ्यावी, याचे एकच उदाहरण देतो. परवानगीविना उपग्रह दूरध्वनी बाळगणे आपल्या देशात गुन्हा आहे. २००८ च्या मुंबई हल्ल्यातील दहशतवाद्यांनी असे संच वापरले होते. त्यामुळे या बंदीमागचे कारण मुंबईच्या परिसरातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. परंतु बंदी घातल्यावर पर्याय कोणता दिला? इतर देशांत एकट्या वाटसरूच्या खिशात मदतीची हाक देणारे यंत्र असते. आपल्या वाटसरूला चौकीपर्यंत माणूस धावत पाठवावा लागतो. परवानाधारक संच शेवटच्या चौकीवर ठेवावेत आणि नोंदणीकृत तुकडीप्रमुखाला ओळखपत्रे तपासून, अनामत घेऊन द्यावेत. उतरल्यावर ते परत घ्यावेत. यात सुरक्षेला कोणता धोका आहे? उलट कोणती तुकडी कुठे आहे, हे सीमा पोलिसांना घरबसल्या कळेल. संकटात शेवटी डोंगर चढून जाणारे असतात ते भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे जवान, राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची माणसे आणि वायुदलाचे वैमानिकच. त्यांना नेमके कुठे शोधायचे हे ठाऊक असणे, हा त्यांच्याही जिवाचा प्रश्न आहे.

महाराष्ट्र शासनाकडे नियम नाहीत असे नाही. साहस सहलीत मुलगा गमावलेल्या एका दांपत्याने उच्च न्यायालयात दीर्घकाळ पाठपुरावा केला, त्यानंतर २०१४ आणि २०१८ मध्ये शासन निर्णय निघाले. ऑगस्ट २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी सक्तीची केली. कागद उत्तम आहे. पण संस्था कल्याणची, पैसे भरले अंबरनाथमध्ये, वाट उत्तराखंडची आणि खिंडीपलीकडे हिमाचल, अशा वेळी उत्तर कोणी द्यायचे? नोंदणी क्रमांक विचारणारे पालक आम्हाला अद्याप फार थोडे भेटले आहेत.

येथे आपल्या परिवारातील कार्यकर्त्यांनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. सहल आपल्या ओळखीच्या कार्यकर्त्याने काढली, शुल्क कमी आहे, मुले उत्साही आहेत, एवढ्यावर पालक निश्चिंत होतात आणि आपणही होऊ देतो. गीते पाठ असतात, घोषणा खणखणीत असतात; कोणाचा रक्तगट कोणता आणि कोणाला दम्याचा विकार आहे, याची यादी मात्र आयत्या वेळी कोणाच्या तरी पिशवीत राहून जाते. परत फिरण्याचा निर्णय घेणाऱ्या प्रमुखाला भित्रा ठरवण्याची एक खोड आपल्या मंडळींत आहे. ढग उतरलेले पाहून खिंडीखालूनच तुकडी माघारी आणणाऱ्याचा सत्कार आम्ही तरी कोणत्या मंडळात पाहिलेला नाही.

त्या दिवशी अम्मांच्या घरी चहा होईपर्यंत आम्ही नातवाला त्या वेळापत्रकाच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसवले. तुकडीप्रमुखाचे नाव आणि संस्थेचा नोंदणी क्रमांक, स्थानिक वाटाड्याचे नाव व गाव, प्रत्येक रात्रीचा मुक्काम, परवाना कोणत्या कार्यालयाचा, नोंद होणारी शेवटची चौकी, सोबत्यांच्या घरचे क्रमांक, आणि कोणत्या तारखेच्या किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर उत्तरकाशी व किन्नौरच्या जिल्हा नियंत्रण कक्षांना दूरध्वनी करायचा. निम्म्या रकान्यांची उत्तरे त्याच्यापाशी नव्हती. त्याने तिथूनच आयोजकांना दूरध्वनी लावला. पलीकडून 'काळजी करू नका, सगळे होते' असे उत्तर आले. वाटाड्याचे नाव मिळाले नाही. ते मिळेपर्यंत उरलेले पैसे भरायचे नाहीत, असे त्याच्या वडिलांनी तिथल्या तिथे सांगून टाकले.

अम्मांना देवनागरी सहज वाचता येत नाही. लिहून झालेला कागद त्यांनी नातीकडून मोठ्याने वाचून घेतला आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीत, शेवटच्या पानावर, उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या आपल्या सिंधी लिपीत उतरवून घेतला. वाटाड्याच्या नावाची जागा त्यांनी मोकळी सोडली आहे.